फळं, साखर आणि व्हिनेगर: उन्हाळी सरबताची बाटली घरी कशी भरायची

व्हिनेगर प्यायचं म्हटलं की आपल्याकडे दोनच प्रतिक्रिया येतात. एक तर नाक मुरडतात, नाहीतर "वजन कमी करायचंय का?" असं विचारतात. या लेखाचा वजनाशी काही संबंध नाही. हा सरबताचा लेख आहे. फळ साखरेत मुरवायचं, सुटलेल्या रसात व्हिनेगर घालायचं, बाटली भरून फ्रीजमध्ये ठेवायची आणि उन्हातून घरी आलं की त्यातले दोन मोठे चमचे गार पाण्यात घालून प्यायचे. व्हिनेगरचा झणका आठवडाभरात मवाळ होतो. मागे उरतो तो फळाचा वास आणि जिभेच्या कडेला जाणवणारा आंबटपणा.

ज्यांच्या घरी अमृत कोकम होतं त्यांना यातली निम्मी कृती आधीच येते. रातांबे फोडून बिया काढायच्या, वाट्यांमध्ये साखर भरायची, बरणीत थरावर थर लावून बरणी उन्हात ठेवायची. साखर रस ओढून घेते, स्वतः विरघळते आणि चार-आठ दिवसांत तळाशी लालभडक पाक जमतो. इथेही तेच करायचं आहे. फरक एवढाच की रातांबा मुळातच आंबट असतो, त्याला बाहेरून काही लागत नाही. अननस, जांभूळ, काळी द्राक्षं, तुती, अंजीर यांच्या गोडीला मात्र टेकू लागतो. तो टेकू म्हणजे व्हिनेगर.

मग लिंबू का नको? ग्लासात पिळून लगेच प्यायचं असेल तर लिंबूच घ्या, त्याला तोड नाही. पण लिंबाचा रस बाटलीत आठवडाभर राहिला की त्याची चव उतरते, कडसर होते. व्हिनेगर मुळात आंबूनच तयार झालेलं असतं, त्यामुळे त्याची चव अशी पडत नाही. उलट मुरल्यावर सरबत अधिक चांगलं लागतं.

ही युक्ती जुनी आहे. इराणात व्हिनेगर आणि मधाचा पाक पाण्यात घालून पितात, त्याला सिकंजबीन म्हणतात. सिरका म्हणजे व्हिनेगर आणि अंगबीन म्हणजे मध. उत्तर भारतातली शिकंजी ही याच नावाची लेक, फक्त वाटेत तिने सिरका सोडून लिंबू धरलं. इंग्रजीत अशा पेयाला 'श्रब' म्हणतात. हा शब्द आणि आपलं सरबत, दोन्ही 'पिणे' अशा अर्थाच्या एकाच अरबी धातूतून आले आहेत. शराबही त्याच घरातली.

आधी व्हिनेगर नीट निवडा

नवखे लोक बहुतेक इथेच चुकतात, म्हणून इथे जरा थांबतो.

किराणा दुकानात सगळ्यात स्वस्त मिळणारी पांढरी, पाण्यासारखी बाटली उचलून तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा. 'सिंथेटिक' असं लिहिलेलं असेल तर ते कशालाही आंबवून झालेलं नाही, अॅसिटिक अॅसिडमध्ये पाणी घालून केलेलं आहे. चायनीजच्या गाडीवर मिरच्या मुरवायला ते चालतं, सरबताला नाही. त्याला आंबटपणाखेरीज दुसरी चवच नसते आणि ते घशात टोचतं. माझी पहिली बाटली याच व्हिनेगरची होती. घरच्यांनी एकेक घोट घेतला आणि उरलेलं सगळं नळाचं तोंड नि बेसिन घासायला वापरलं. काम उत्तम झालं.

आपल्याला हवं ते आंबवून केलेलं, इंग्रजीत 'ब्रूड' किंवा 'नॅचरली फर्मेंटेड' असं लिहिलेलं. आम्लता 4 ते 5 टक्क्यांच्या आसपास आहे ना, तेही लेबलवर पाहा. पर्याय बरेच आहेत.

सफरचंदाचं व्हिनेगर कुठेही मिळतं आणि जवळजवळ कुठल्याही फळाशी जुळतं. पहिल्या बाटलीला हेच घ्या. तळाशी गढूळ साका असलेलं घेतलं काय आणि गाळलेलं स्वच्छ घेतलं काय, सरबताच्या चवीत फार फरक पडत नाही. साक्यासाठी दुप्पट पैसे मोजू नका.

उसाचा सिरका गडद तपकिरी आणि दमदार असतो. गुजरातेत नवसारीकडचा प्रसिद्ध आहे, मुंबईच्या पारशी घरांत तो पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे. जांभूळ, करवंद, काळी द्राक्षं अशा गडद फळांना तो शोभतो. अननसात घातलात तर अननस हरवतं.

माडाच्या सुरेचं व्हिनेगर हे गोव्याचं वैभव. तिथे ते विंदालूत, शाकुतीशेजारच्या लोणच्यात, सॉसेजमध्ये, सगळीकडे असतं. माडावरून उतरवलेली सूर तशीच राहिली की आंबत आंबत आपोआप व्हिनेगरकडे जाते. त्याला मंद खमंग वास असतो. मला अननसासाठी ते सफरचंदाच्यापेक्षाही आवडतं. एक सावधगिरी मात्र घ्या. बाजारात बिनलेबलच्या बाटलीत मिळणाऱ्या घरगुती व्हिनेगरची आम्लता किती ते कळायला मार्ग नसतो. चवीला ते झकास असेल, पण टिकवण्याच्या दृष्टीने त्याच्यावर भिस्त ठेवू नका. अशा बाटलीतलं सरबत दोन आठवड्यांत संपवा.

तांदळाचं व्हिनेगर मवाळ असतं, स्ट्रॉबेरीला छान. बाल्सामिक महाग असतं. अंजिरात दोन चमचे घालून पाहायला हरकत नाही, बाटलीभर ओतायचं नाही.

भांडी

काचेची रुंद तोंडाची बरणी किंवा चिनीमातीची जुनी लोणच्याची बरणी घ्या. लोणच्याची असेल तर तिला आधी हुंगून पाहा. मोहरी-हिंगाचा वास चिनीमातीत मुरलेला असतो आणि तो स्ट्रॉबेरीत उतरतो. लोणच्यासाठी बरणीला हिंगाची धुरी देतात, तीही इथे द्यायची नाही. बरणी गरम पाण्याने धुवा, उन्हात कडकडीत वाळवा. काच जाड असेल तर पाण्यात घालून दहा मिनिटं उकळून घ्या.

तांबं, पितळ, अॅल्युमिनियम, हिंडालियमची पातेली आणि बिडाची कढई यांना व्हिनेगर लावायचं नाही. आम्ल धातू खातं आणि तो धातू सरबतात येतो. चांगलं स्टील ढवळण्यापुरतं, गाळण्यापुरतं चालतं, साठवायला नको. बरणीचं झाकण पत्र्याचं असेल तर मधे बटर पेपरचा तुकडा घाला. मी घातला नव्हता. तिसऱ्या आठवड्यात झाकणाच्या आतून गंजाचे थेंब सरबतात टपकत होते.

एक बारीक गाळणी, मलमलचं धुतलेलं फडकं, लाकडी किंवा सिलिकॉनचा चमचा आणि वजनकाटा एवढं पुरे. वजनकाटा नसेल तर वाटीने मोजा, पण सगळं एकाच वाटीने.

पहिली बाटली: अननस

सुरुवात अननसाने करायचं कारण साधं आहे. तो सगळीकडे मिळतो, रस पटकन सोडतो, कपड्यांवर डाग पाडत नाही आणि थोडं कमीजास्त झालं तरी बिघडत नाही.

साहित्य असं: सोलून, डोळे काढून, बारीक चिरलेला अननस 500 ग्रॅम. साखर 350 ग्रॅम. सफरचंदाचं किंवा सुरेचं व्हिनेगर 300 मिलिलिटर. आल्याच्या चार-पाच पातळ चकत्या, सात-आठ मिरे जाडसर ठेचून, चिमूटभर मीठ. जुन्या पाककृतींत फळ, साखर, व्हिनेगर तिन्ही समसमान असतात. मला ते फार गोड होतं, म्हणून साखर कमी केली आहे. याहून बरीच कमी करायची असेल तर रस कमी सुटतो आणि सरबत कमी टिकतं, हे धरून चला.

पहिल्या दिवशी संध्याकाळी अननस बरणीत घाला, त्यावर साखर, मीठ, आलं, मिरे. चमच्याने दाबून दाबून कालवा. फोडी थोड्या चेचल्या गेल्या पाहिजेत, लगदा व्हायला नको. मिक्सर वापरू नका. त्याने रस गढूळ होतो आणि नंतर गाळताना फडकं तुंबतं. झाकण लावून बरणी फ्रीजमध्ये ठेवा.

फ्रीजमध्येच. अमृत कोकमासारखी उन्हात नको. रातांबा इतका आंबट असतो आणि त्याला साखरही इतकी लावतात की तो उन्हात निभावून नेतो. अननस तसा नाही. एका मे महिन्यात मी बरणी ओट्यावर विसरलो. दुसऱ्या दिवशी दुपारी झाकण उघडलं तर फस्स आवाज आला, वर फेस, आणि घरभर ताडीचा वास. यीस्टने साखर गट्ट करायला सुरुवात केली होती. तेही एक पेय आहे, पण आपण आत्ता ते करत नाही आहोत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर फोडी स्वतःच्याच रसात बुडालेल्या असतील आणि तळाशी थोडी साखर उरलेली असेल. ढवळा, परत ठेवा. रात्री पुन्हा ढवळा.

तिसऱ्या दिवशी, म्हणजे 36 ते 48 तासांनी, गाळायचं. गाळणीवर फडकं पसरा, मिश्रण ओता आणि अर्धा तास तसंच निथळू द्या. मग फडक्याची पुरचुंडी करून हलकेच दाबा. खूप पिळलंत तर गर उतरतो. बरणीच्या तळाशी चिकटलेली साखर टाकून देऊ नका, त्याच बरणीत व्हिनेगर ओतून खळखळून हलवा. ती विरघळते आणि बरणीही धुऊन निघते. हे व्हिनेगर आता रसात मिसळा, सगळं पुन्हा एकदा गाळून स्वच्छ बाटलीत भरा. साधारण पाऊण लिटर होतं. बाटलीवर चिकटपट्टी लावून फळाचं नाव आणि तारीख लिहा. तीन बाटल्या झाल्या की तुमचाही गोंधळ होणार आहे.

आता चाखून पाहाल तर निराश व्हाल. व्हिनेगर वेगळं, गोड वेगळं, अननस तिसरीकडेच. बाटली फ्रीजमध्ये आठ दिवस ठेवा, रोज एकदा हलवा. कैरीचं लोणचं पहिल्या दिवशी आणि पंधराव्या दिवशी चाखणाऱ्याला हा फरक समजावून सांगावा लागणार नाही.

प्यायला देताना उंच ग्लासात बर्फ, दोन मोठे चमचे म्हणजे सुमारे 30 मिलिलिटर अर्क, वर 180 ते 200 मिलिलिटर गार पाणी किंवा सोडा. माठातल्या पाण्यातही फार छान लागतं. चिमूट पादेलोण, असेल तर पुदिन्याचं एखादं पान. या हिशेबाने एका बाटलीचे पंचवीसेक ग्लास होतात आणि प्रत्येक ग्लासात अंदाजे तीन छोटे चमचे साखर जाते. मधुमेह असलेल्यांनी हा आकडा लक्षात घ्यावा. व्हिनेगर घातलं म्हणून साखर नाहीशी होत नाही.

जांभूळ, माझं आवडतं

अननस जमलं की जूनची वाट पाहा. पालघरकडच्या बहाडोलीची टपोरी जांभळं मिळाली तर उत्तम. नाही मिळाली तर हातगाडीवरची लहान, गर्द काळीही चालतात. चवीला तीच जास्त कडक असतात.

अर्धा किलो जांभळं धुऊन पुसून घ्या. चिमूटभर मीठ लावून हाताने कुस्करा आणि बिया काढा, साली राहू द्या, कारण सगळा रंग सालीत असतो. साधारण 350 ग्रॅम गर निघतो. हात दोन दिवस जांभळे राहतील, लग्नकार्याला जायचं असेल तर हातमोजे घाला. गराला 250 ग्रॅम साखर लावून फ्रीजमध्ये दोन दिवस ठेवायचं. जांभूळ अननसासारखा भराभर रस सोडत नाही, म्हणून मधूनमधून चेचत राहा.

मग गाळण्याच्या आधीच त्यात 250 मिलिलिटर उसाचा सिरका किंवा सफरचंदाचं व्हिनेगर ओता, आणि ओताना भांड्यात पाहा. मळकट जांभळा गर बघता बघता लखलखीत किरमिजी होतो. जांभळाच्या रंगद्रव्याला आम्ल भेटलं की ते लालीकडे झुकतं, एवढीच त्यातली जादू, पण मी दरवर्षी घरातल्या पोरांना हाक मारून दाखवतो. आणखी एक दिवस साली त्यातच राहू द्या आणि मग गाळा.

जांभळाचा तुरटपणा या सरबताचा प्राण आहे, तो घालवायच्या मागे लागू नका. ग्लासात पादेलोण आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घातली की तो आपोआप जागेवर बसतो. साखरेऐवजी थोडा महाबळेश्वरचा जांभूळ मध घालून पाहिला आहे. वास अप्रतिम, पण महागाचा मध व्हिनेगरात घालताना हात थरथरतो. मध घातलेलं सरबत एक वर्षाखालच्या बाळाला अजिबात द्यायचं नाही, हेही इथेच सांगून ठेवतो.

करवंदं आणि द्राक्षं: थोडी आच लागते

जाड सालीची फळं नुसत्या साखरेने उघडत नाहीत. त्यांना थोडी ऊब द्यावी लागते.

पिकून काळी झालेली करवंदं एप्रिलच्या शेवटी, मे महिन्यात येतात. देठं काढून मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, म्हणजे चीक सुटतो. 500 ग्रॅम करवंदांना 300 ग्रॅम साखर आणि अर्धी वाटी पाणी घालून स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवा. पाच-सात मिनिटांत फळं फुटायला लागतात. चमच्याने दाबा आणि गॅस बंद करा. मुरंबा करायचा नाहीये, पाकाची तार वगैरे तपासू नका. पूर्ण गार झाल्यावर गाळा आणि मगच व्हिनेगर घाला. गरम पाकात ओतलंत तर त्याची वाफ डोळ्यांत जाते आणि वासही उडून जातो. करवंदाला स्वतःचा आंबटपणा असतो, त्यामुळे 200 मिलिलिटर पुरतं. अर्थात कमी व्हिनेगर म्हणजे कमी टिकाऊपणा, ही बाटली महिन्याच्या आत संपवायची. आमच्याकडे आठवडा जात नाही.

नाशिकची काळी द्राक्षं मार्च-एप्रिलमध्ये स्वस्त झाली की याच पद्धतीने करा, एक दालचिनीचा तुकडा टाकून. लवंग घालायची तर एकच घाला. दोन घातल्यात तर सरबताला दातदुखीच्या औषधाचा वास येतो.

इतर फळांबद्दल थोडक्यात

स्ट्रॉबेरी: हंगाम संपताना महाबळेश्वरकडून येणारी लहान, मऊ, थोडी दबलेली फळं घ्या. दिसायला ती गरीब असतात, पण गोडी त्यांच्यातच असते. सडकी मात्र नकोत, बुरशीचा एक ठिपकाही अख्खी बरणी बिघडवतो. अननसाचीच कृती वापरायची. रंग महिन्या-दीड महिन्यात विटका होतो, चव टिकते.

अंजीर: पुरंदरची ताजी अंजिरं चिरून करवंदासारखी ऊब द्यायची. सरबत दाट होतं, सोड्यात चांगलं लागतं.

आंबा: हापूस खा. खरंच, खा. व्हिनेगर त्याचा वास दाबून टाकतं. घालायचाच असेल तर रायवळ, तोही जरा आंबूस. आणि कैरीला पन्हं आहे. पन्ह्यात कसलीच उणीव नाही, तिथे व्हिनेगर नेऊ नका.

कलिंगड: नुसतं पाणी. चव टिकत नाही. केळं, चिकू, पपई: गिळगिळीत गाळ होतो, नको.

पेरू: गुलाबी गराचा घ्या, चिरून, साखर लावून, दोन दिवस. बिया वाटल्या जाणार नाहीत एवढं पाहा. सोबत हिरवी मिरची उभी चिरून घातली तर मुंबईच्या फुटपाथवरचा तिखटमीठ लावलेला पेरू आठवतो.

साखर न घालता: संत्र्याच्या सालीचं व्हिनेगर

घरात एकाला गोड चालतं आणि एकाला नाही, अशा वेळी ही पद्धत कामाची. नागपुरी संत्र्याच्या साली गरम पाण्याने चोळून धुवा, आतला पांढरा भाग चमच्याने खरवडून काढा, कारण कडूपणा तिथेच असतो. दोन-तीन संत्र्यांच्या साली 300 मिलिलिटर व्हिनेगरमध्ये बुडतील अशा ठेवा. आठवडाभर कपाटात, उजेडापासून लांब. मग गाळा. हे नुसतं वासाचं व्हिनेगर झालं. ग्लासभर पाण्यात एक-दोन छोटे चमचे पुरतात, ज्याला गोड हवं त्याने आपल्या ग्लासात साखर घालावी. उरलेलं कोशिंबिरीवर शिंपडायला वापरा. बरणीत सालीचा एखादा तुकडा वर तरंगत राहिला तर त्यावर बुरशी धरते, म्हणून सगळं बुडवून ठेवा. व्हिनेगरमध्ये पाणी मिसळून ते 'हलकं' करायचा मोहही टाळा. त्याच्या आम्लतेमुळेच हे सगळं सुरक्षित राहतं, पाणी फक्त ग्लासात.

काही वेगळं दिसलं तर

बाटलीत वर पातळ, पांढुरकी, सायीसारखी चकती दिसली तर घाबरू नका. न गाळलेल्या व्हिनेगरमधले जिवाणू पुन्हा कामाला लागले की ती धरते. काढून टाका, गाळा, वापरा. पण केसाळ, हिरवा, काळा किंवा कापसासारखा थर म्हणजे बुरशी. तिथे वरचं काढून खालचं वापरण्याचा हिशेब करायचा नाही, सगळं ओतून द्या.

बुडबुडे येत असतील, झाकण उघडताना फुसकारा येत असेल, तर ते आंबायला लागलंय. घट्ट बंद बाटली अशा वेळी फुटूही शकते. झाकण जपून सैल करा आणि शंका असेल तर टाकून द्या. फ्रीजमध्ये हे सहसा होत नाही, फ्रीजबाहेर हमखास होतं. अख्ख्या प्रमाणात केलेली, लेबलवाल्या व्हिनेगरची बाटली फ्रीजमध्ये दोन-तीन महिने सहज राहते. तळाशी बारीक गाळ बसणं साहजिक आहे, ओतण्याआधी हलवायचं.

सरबत फार झणझणीत वाटतंय? आधी आठ दिवस झालेत का ते पाहा. झाले असतील तर साखरेचा गार पाक थोडा घाला. फार गोड वाटतंय? व्हिनेगरचे दोन चमचे वाढवा आणि पुन्हा दोन दिवस थांबा. लगेच चव घेऊन लगेच दुरुस्ती करत बसलात तर बाटली नुसती मोठी होत जाते.

पिताना

अर्क कधीही नुसता पिऊ नका. आम्ल दातांवरचं कवच झिजवतं. पातळ करून प्या, दिवसभर घोट घोट करत बसण्यापेक्षा एका बैठकीत संपवा, मग साध्या पाण्याने चूळ भरा. लगेच ब्रश करू नका, अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. ज्यांना पित्ताचा, छातीत जळजळण्याचा त्रास आहे त्यांनी रिकाम्या पोटी हे घेऊ नये. मधुमेहाची किंवा लघवी वाढवणारी औषधं चालू असतील तर रोजचा रतीब लावण्याआधी डॉक्टरांना विचारा.

दुधात किंवा आइस्क्रीमवर ओतायचा मोह झाला तर दूध फाटतं, हे आधीच सांगतो. ताकाला हे सरबत लागत नाही आणि सरबताला ताक. सब्जा मात्र छान जमतो: एक चमचा सब्जा पाण्यात भिजवून स्ट्रॉबेरीच्या ग्लासात. गोव्यात उन्हाळ्यात हुर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांची पहिल्या धारेची दारू, पिणारे माझे एक-दोन मित्र अननसाची बाटली पाहिली की लिमलेटची बाटली बाजूला सारतात. त्याचं प्रमाण त्यांनाच विचारा.

गाळून उरलेला अननसाचा चोथा अजून गोड असतो. त्यात लाल तिखट, मीठ आणि फोडणीत तडतडलेली मोहरी घातली की जेवताना तोंडी लावायला होतं, त्याच दिवशी संपवायचं. जांभळाच्या साली थोडं पाणी घालून आटवल्या तर पोळीबरोबर चालतात. करवंदाचा चोथा मात्र बियांनी भरलेला असतो. तो सरळ कुंडीत.